ओठांची रेषा

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीत होतो. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचाच पगार घ्यायचा. पंचवीसेक वर्षं हे मन लावून केलं. मग आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलली. येता का, असं त्यांनी विचारलं, मी नाही म्हणालो. त्यांनी शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि मी काळेवाडीच्या घरी येऊन खुर्चीत बसलो. बसलो तो बसलोच.

वाईट वाटत होतं म्हणावं तर तेही नाही. वाईट वाटलं असतं तर बरं होतं, निदान चार लोकांना सांगता आलं असतं. मला काहीच वाटत नव्हतं. चहा दिला की प्यायचा, पेपर आला की उलटायचा. बायको काही विचारायची, मी भिंतीकडे बघून उत्तर द्यायचो.

"बोलताना माझ्याकडं बघा तरी," ती एकदा म्हणाली. ती राजगुरुनगरच्या बाजूची, बोलायला एकदम रोखठोक. "मी काय पंखा हाय का?"

मी पंख्याकडेही बघत नव्हतो, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

मुलगी बंगळूरला असते. तिच्याशी फोनवर बोलताना बायको मुद्दाम मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "घरात माणूस हाय, पण नसल्यासारखा. असंच ऱ्हायलं तर मी एकटीच झाले की गं." मला ते नीट ऐकू आलं. त्यावर काहीतरी करायला हवं, हेही कळलं. मी पेपर उलटला.

उपाय मुलीने काढला. तिने मला चित्रकलेच्या ऑनलाइन वर्गात घातलं.

"पप्पा, कंपनीत तुम्ही दिवसभर ड्रॉइंगच बघायचात ना?"

"ते वेगळं. ते पार्टचं असायचं."

"मग आता डब्याचं काढा. सुरुवात डब्यापासूनच आहे."

वर्ग तसा सोपा होता. एक तरुण सर स्क्रीनवर शिकवायचे. त्यानंतर घरचा अभ्यास करायचा, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि एकमेकांच्या चित्रांवर लिहायचं. नियम असा की आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग एक सुधारण्यासारखी. माझी अडचण पहिल्या भागातच. चांगलं काय आहे हे लिहायची मला सवयच नव्हती. कंपनीत माल चांगला असेल तर आम्ही काही लिहीत नसू, पुढे पाठवत असू. कोणीतरी हौसेने सफरचंद काढून टाकलं, त्याखाली मी लिहिलं, "उजवी कड अंदाजे दोन मिलिमीटर बाहेर. दुरुस्त करून पुन्हा दाखवावे." त्यावर ग्रुपवर कितीतरी हसरे चेहरे आले. लोकांना वाटलं काका विनोदी आहेत.

माझे स्वतःचे डबे मात्र काही केल्या जमेनात. सर म्हणायचे, लांब जाणाऱ्या समांतर रेषा एका बिंदूकडे झुकतात. मी उभ्या आयुष्यात समांतर रेषा झुकू दिल्या नव्हत्या. झुकली की लाल खूण, आणि माल बाजूला. त्यामुळे माझा डबा पुढून जेवढा, तेवढाच मागून. नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका आमच्या ग्रुपमध्ये होत्या. त्यांनी लिहिलं, "छान प्रयत्न. पण काका, तुमचा डबा मागे जाताना लहान होत नाही. लांबची गोष्ट लहान दिसते."

मी लिहिलं, "दिसते. असत नाही."

त्यांचं उत्तर आलं, "इथे दिसतं तेच काढायचं असतं."

बाईंशी वाद घालण्यात हशील नव्हतं. मी डबे झुकवायला शिकलो. पट्टी कपाटात गेली. मग सरांनी हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घ्यायला शिकवलं, आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. मापं! तांब्या मोजला, गॅसची टाकी मोजली, समोरच्या इमारतीवरचा मोबाइलचा टॉवर मोजला. आनंद झाला असं म्हणणार नाही. पण हात कामाला लागला.

पुढच्या आठवड्यात चेहरा होता. घरातल्या कोणालातरी समोर बसवून काढायचा. घरात दुसरं कोण?

"मला वेळ न्हाई," बायको म्हणाली.

"मेथी निवडत बस. मान तेवढी वर ठेव."

ती गॅलरीच्या दाराशी मेथी घेऊन बसली. चांगला तासभर बसली. आधी पदर सारखा केला, मग एकदा म्हणाली, "बरी काढा." मी डोळा मिटून मापं घेत होतो. कपाळ, नाक, हनुवटी, सगळं ठीक बसलं. ओठांपाशी गडबड होती. पेन्सिल आडवी धरली की एक कोपरा तिच्याखाली जायचा. पुन्हा धरली, पुन्हा तेच. मी खाकरलो आणि जसं दिसलं तसं उतरवलं. त्याच बाजूचा डोळाही जरा मोठा आला, तोही तसाच ठेवला. चित्र दाखवलं तर ती म्हणाली, "हां, मीच हाय," आणि मेथी घेऊन आत गेली.

संध्याकाळी सरांचा अभिप्राय आला. मापं चांगली, पण ओठांची रेषा एका बाजूला उतरली आहे, त्या बाजूचा डोळाही मोठा झालाय, चेहऱ्याची मधली रेषा आधी काढून घ्या. शिक्षिकाबाईंनीही तेच सुचवलं होतं, जरा गोड शब्दांत.

माझा क्वालिटीवाला जागा झाला. मी लिहिलं, "दोनदा तपासले आहे. चित्र नगाप्रमाणे बरोबर आहे."

थोड्या वेळाने बाईंचं उत्तर आलं. "मग काका, त्यांचं तोंड खरंच तसं दिसतंय का?"

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेलो. सांगायला लाज वाटते, पण मी गेलो तो माझं माप बरोबर आहे हे बघायला. बायको ओट्याशी उभी राहून चहा पीत होती. एका कोपऱ्यातून चहा हनुवटीवर ओघळला. तिने तो पदराने टिपला, अगदी सवयीने टिपावा तसा.

"हे कधीपासून?"

"काल सकाळपासनं. गाल बधिर झालाय. दाढ काढल्यावर व्हतो तसा."

"मला सांगितलं का नाहीस?"

तिने कप खाली ठेवला. "तासभर समोर बसले व्हते की," ती म्हणाली.

रिक्षा करून लगेच दवाखान्यात गेलो. रिक्षात ती पदराने तोंड झाकून बसली होती. मी भीती वाटण्याची वाट बघत होतो. भीती काही येईना. दवाखान्यातल्या फरशीची एक ओळ भिंतीशी सरळ नव्हती, तेवढं मात्र माझ्या लक्षात आलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला कपाळावर आठ्या आणायला लावल्या, डोळे मिटायला लावले, गाल फुगवायला लावले. एका बाजूला आठ्या आल्याच नाहीत. चेहऱ्याची नस सुजलीय, मेंदूचं काही दिसत नाही, लवकर आलात हे बरं केलंत, असं त्या म्हणाल्या. गोळ्या, डोळ्यात घालायचे थेंब, झोपताना डोळ्याला पट्टी आणि तोंडाचे व्यायाम. त्यांनी सुरुवातीला किती वाकडं होतं विचारलं तेव्हा मी फोनमधलं चित्र दाखवलं. त्या चित्राकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं.

व्यायाम आरशासमोर करायचे होते. बायको आरशात बघायला तयार नव्हती. "मला न्हाई बघवत," ती म्हणाली. "तुमी बसा म्होरं. तुमी सांगा."

म्हणून रोज सकाळी मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसायचो. ती "ई" म्हणायची, "ऊ" म्हणायची, भुवया चढवायची. मी बघायचो. भिंतीकडे बघून हे काम होण्यासारखं नव्हतं.

"जरा वर. डावीकडे अजून."

"एवढंच जातंय."

"कालच्यापेक्षा बरं आहे."

"कंपनीत बी असंच म्हणायचात का?"

"कंपनीत बरं असं काही नसायचं. एक तर पास, नाही तर बाद."

"मग बरं झालं मी तिथं नव्हते."

चहा ओघळायचा थांबला. मग डोळा पूर्ण मिटायला लागला. वर्ग एव्हाना हात आणि पायांवर गेला होता. मी मागे पडलो होतो. शिक्षिकाबाई मात्र अधूनमधून काकूंची चौकशी करत.

परवा व्यायाम झाल्यावर बायकोने विचारलं, "आता कसं हाय? खरं सांगा."

मी नीट बघितलं. "हसताना थोडं राहिलंय. एरवी कळत नाही."

"असू दे," ती म्हणाली. उठेल असं वाटलं, पण ती बसूनच राहिली. "आता तुमी हसा."

"मी कशाला?"

"हसा म्हणते ना. बघू द्या मला."

मी ओठ ताणले. तिने मान जराशी कलती करून बराच वेळ निरखलं. आमच्या खात्यातसुद्धा इतकं बारकाईने कोणी बघत नसे.

"दोन्ही बाजू सारख्या हायत," ती म्हणाली. "पण कुठलीच वर जात न्हाई."

मग तिने आपलं स्टूल पुढे ओढलं आणि मला "ई" म्हणायला लावलं.