शहादेवच्या बाटलीतला वास

१९ एप्रिल २०१६, मंगळवार. विहिरीवर भांडण. शहादेवने भरलेल्या टँकरचं पाणी सोडून दिलं.

दुपारी घाईत एवढंच लिहिलं. आता नीट लिहिते. सहकारी संघाच्या कागदांत हे कोणी लिहिणार नाही.

माझा शेजारी शहादेव अंबाजोगाईच्या कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं शिपाई होता. शिक्षण सातवी. बाटल्या धुता धुता त्याने एक तक्ता वहीत उतरवून घेतला: कोणतं तेल किती अंशाला उकळतं, पाण्यात किती विरघळतं. इंग्रजी नावं मी तपासून दिली होती. मी नन्सच्या शाळेत शिकलेली, चुकीचं स्पेलिंग मला खपत नाही.

आमच्या सहकारी संघाच्या पंपाखालची पेट्रोलची टाकी गळते आहे. पहिला वास आला तो दिवस माझ्या डायरीत आहे, २१ मार्च. पंपापासून दोनशे पावलांवर गावातली पाणी उरलेली एकमेव विहीर. तिच्यावर तवंग आला. चेअरमन अर्जुनरावांनी, गुरांना मिळत नाही तो कडबा विहिरीत टाकून तवंग टिपला आणि आज वस्त्यांसाठी टँकर भरायला लावला.

"पाणी साफ हाय. दिसतंय का कुठं तेल?" ते म्हणाले.

"दिसतं ते वरचं," शहादेव म्हणाला. "पेट्रोलातलं बेंझीन पाण्यात विरघळतं, ते कडब्याला लागत न्हाई. त्यानं कॅन्सर होतो." त्याने वही उघडली. "निव्वळ बेंझीन लिटरमागं पावणेदोन ग्रॅम विरघळतं. पेट्रोलात ते शंभरात एक, म्हणून विरघळणार शंभरावा हिस्सा. विहिरीत त्याचाही शंभरावा धरला, तरी पिण्याच्या पाण्यात चालतं त्याच्या, लिटरमागं मिलिग्रॅमच्या शंभराव्या हिश्शाच्या, सतरा पट."

"मोजलंस, का अंदाज हाय रे?"

"अंदाजच हाय. मोजायला माणूस आणा, तवर विहीर बंद ठेवा."

"बाटल्या धुणारा आता संघ चालवणार. उकळून प्या म्हणावं बायांना."

"उकळलं की ते पाण्यातनं निघतं आन् चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नाकात जातं."

अर्जुनराव हसले. सोबतचे चौघेही हसले. शहादेव शांतपणे टँकरमागे गेला आणि त्याने तोटी उघडली. या दुष्काळात दहा हजार लिटर पाणी धुळीत गेलं.

पाण्याच्या रांगेतल्या भामाबाईने रिकामी घागर त्याच्या पाठीत घातली. "मेल्या, सकाळधरनं उभी हाय मी."

त्याने विहिरीच्या पाण्याने अर्धी भरून, बूच लावून उन्हात ठेवलेली बाटली तिला दिली. "बूच काढ, वहिनी."

तिने हुंगलं, पेट्रोलचा वास आला. मग ती अर्जुनरावांसमोर गेली आणि बाटली त्यांच्या तोंडाशी धरली. "चेअरमनसाहेब, आधी तुमी प्या."

ते जीपमध्ये जाऊन बसले. बायांनी बाभळीच्या काट्या ओढून विहिरीचं तोंड झाकलं.

चार वाजता संघाने पाण्याची नासाडी केली म्हणून शहादेवविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. तीत गळक्या टाकीचा उल्लेख नाही. उद्या पहिल्या गाडीने मी आणि भामाबाई टाकीची तक्रार द्यायला तहसीलला जाणार. डायरी आणि बाटली पिशवीत ठेवली आहे.

घरात पाणी दीड घागर. भांडी राखेने घासून कोरड्या फडक्याने पुसली.