बाजाराच्या दिवशीची मोजणी

नानामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेज रोडच्या बसस्टॉपवर उभी होते. समोर आलेली बस मी तशीच जाऊ दिली. आत किती माणसं होती, ते मात्र तेवढ्यात मोजून झालं होतं... ही सवय मामांचीच. ते बस डेपोत वाहतूक निरीक्षक होते आणि कोणत्या फेरीला किती माणसं बसतात, हे मोजणं त्यांचं कामच होतं.

मी चौथीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला पेठ गावाच्या पलीकडे, एका पाड्यापर्यंत जाणाऱ्या गाडीतून घेऊन गेले. ही फेरी कायम तोट्यात. सरकार तो तोटा भरून द्यायचं, पण गाडीला माणसं आहेत हे दरवर्षी मोजून दाखवावं लागायचं. परत येताना पेठच्या बाजाराला निघालेल्या माणसांनी गाडी खचाखच भरली. मामांनी माझ्या हातात वही-पेन्सिल दिली. माणसामागे एक रेघ. टोपल्या, कोंबड्या, कडेवरची पोरं... माझा गोंधळ उडाला.

"मामा, मला पण मोजू? मला तर कुठे जायचंच नाहीये."

"गाडीत बसलं की मोजायचं," मामा म्हणाले. "का बसलं ते विचारायचं नाही."

आठवडाभराने त्यांचे साहेब घरी चहाला आले. पाहुण्यांसमोर मी कधी तोंड उघडत नसे. पण साहेबांनी मला इंग्रजीत विचारलं, सहल कशी झाली? शाळेबाहेर माझ्याशी कुणी इंग्रजीत बोलायचं नाही. मी सगळं सांगितलं, एकही चूक न करता. त्या दिवशी बाजार होता म्हणून गाडी भरली, एरवी ती रिकामीच असते असं कंडक्टरकाका म्हणाले, हेसुद्धा. मामी कौतुकाने बघत होती. मामांनी चिवड्याची बशी पुढे सरकवली. "घ्या साहेब." पावसाळ्याआधी ती फेरी बंद झाली.

मामा मला त्यावरून एक शब्दही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे बी.कॉम.ला अनुदानावरचा धडा वाचला आणि मी धीर केला.

"मामा, ती गाडी माझ्यामुळे बंद झाली का?"

"बंद करायच्या यादीत होतीच ती."

"पण तुम्ही मुद्दाम बाजाराचा दिवस धरलात. ते खोटंच ना?"

"बाजार खोटा होता? का माणसं खोटी होती?" मामा हसले. "तू साहेबांची भाची शोभतेस बघ."

"मग बाकीचे सहा दिवस रिकामी गाडी कशाला पळवायची?"

"बाजाराचा वार बघून कुणी बाळंत होत नाही गं."

माझ्या पुस्तकात यावर उत्तर होतं. तरी आजही मला कळत नाही, मामा बरोबर होते की साहेब... आणि मी खरं बोलले, ते चांगलं केलं की वाईट.

मामांच्या तेराव्याला त्या पाड्यावरचे एक गृहस्थ आले. म्हणाले, "आमची गाडी परत चालू झाली. तुमच्या मामासाहेबांनीच अर्ज लिहून दिले, रिटायर झाल्यावर. लय खेटे घातले त्यांनी." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

"आता भरते का गाडी?" मी विचारलं.

"नाय ओ ताई, रिकामीच असती," असं म्हणून ते हसले. ती बंद कशी पडली, हे मी सांगणार होते. पण मामी पान वाढून घेऊन आली आणि ते राहिलं.

मोजणीची ती वही मामांनी जपून ठेवली होती. मामीने ती मला दिली. माझ्या वाकड्या रेघांखाली त्यांनी काही लिहिलं असेल म्हणून मी पुन्हा पुन्हा पाहिलं. काहीच नव्हतं. गेल्या आठवड्यात रजा काढून मी त्या गाडीने गेले, मुद्दाम बाजार नसलेल्या वारी. पाड्यावरून परत निघताना गाडीत सहा माणसं होती. वहीच्या कोऱ्या पानावर मी सहा रेघा मारल्या. थोडी थांबले, मग सातवी मारली. मी का बसले होते, ते कुणी विचारलं नाही.