गळक्या नावेची किंमत

जायकवाडी धरणाच्या फुगवट्यात शेताला पाणी उपसणारी आमची मोटार आहे, तिथं जायला नाव लागते. मुकुंदवाडीच्या ज्या विक्रेत्याने माझ्या मेहुण्याला भोकं बुजवलेली नाव नवीच्या किमतीत विकली, त्याच्याकडेच मी मुद्दाम गेलो. त्याने नव्वद हजार सांगितले. मी नाव धरणावर आणवली.

"शेठ, आधी तुम्ही बसा."

"लई संशयी बुवा तुम्ही!" म्हणत तो बसला. मी काठावरून दोर सैल सोडला. थोड्याच वेळात नावेत पाणी शिरलं.

"ओढा ना, साहेब! पँट भिजली!"

"आधी किंमत बोला."

मी दुरुस्तीचा खर्च वजा करायला लावला, मग मेहुण्याचं नुकसानही. पन्नासला तो कबूल झाला. तरी दोर मी सावकाशच ओढला.