पूर्णविरामांचं एक वाक्य

आमच्या प्रयोगशाळेतल्या एका सरांना त्यांच्या पाठीमागे सगळे पूर्णविराम म्हणत. कारण सरळ होतं: ते बोलून झाले की पुढे कुणाला बोलायला काही उरतच नसे.

आम्ही लेपांवर काम करतो. रंग, वार्निश, चिकणमाती, जे मिळेल ते पातळ करून ट्रेमध्ये पसरायचं, वाळवायचं आणि त्याला भेगा कशा पडतात ते बघत बसायचं. घरी मी नुसतं 'संशोधन' म्हणून सांगतो. भेगा बघायला एवढा शिकलास का, हे ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

दर गुरुवारी जेवणानंतर आमचा 'कच्चा तास' भरतो. ही रीत बाईंची, म्हणजे आमच्या प्रमुखांची. एकाने डोक्यातली नवी कल्पना सांगायची आणि गप्प बसायचं. मग दुसऱ्या कुणीतरी उठून तीच आपल्या शब्दांत परत सांगायची. परत सांगताना ती जराशी वाकडी होतेच, आणि त्या वाकडेपणावरून जी भांडणं जुंपतात, त्यालाच बाई काम म्हणतात. शेवटी त्या कल्पनेवर काम करायला तयार असलेल्यांची दोन नावं फळ्यावर लागली तर तिला वाळवणपेटी मिळते. पेटी एकच आहे. एकट्याला ती मिळत नाही.

पूर्णविराम कच्च्या तासाला सगळं पक्कं करून आणायचे. आलेख, तक्ते, संभाव्य शंका आणि त्यांची उत्तरंही. सूक्ष्मदर्शक सांभाळते तिला आम्ही भिंगवाली म्हणतो. तिने एकदा हात वर केला, "पण हवा दमट असली तर?"

"सातव्या पानावर आहे ते," पूर्णविराम म्हणाले.

तिचा हात खाली आला. मग सगळे म्हणाले, "छान आहे." आमच्याकडे 'छान' म्हणजे दोन मिनिटं शांतता. परत सांगायला कुणी उठलं नाही. बाईंनी फळा पुसला, झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा, हळू.

त्यांचा करार या सहामाहीअखेर संपत होता. पेटीवर काम चालू दिसलं तरच तो वाढणार होता, म्हणून त्यांना दुसरं नाव हवं होतं. करार नसता तरी हवंच होतं, असं आपलं मला वाटतं. जेवायला ते एकटेच, आपल्या टेबलाशी, ट्रेकडे तोंड करून बसायचे. दुपारी त्यांच्या ताईंचा फोन यायचा. हातात हातमोजे, म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळे ताई आम्हा सगळ्यांच्याच ओळखीच्या.

"आज बोललास का रे कुणाशी?"

"बोललो की. पाऊण तास."

"ते भाषण झालं. बोललास का?"

यावर पूर्णविराम हातमोजे नीट करत बसायचे.

मग एका गुरुवारी ते हातात फक्त एक ट्रे घेऊन आले. कागद नाही, काही नाही. चेहरा असा, की घरात चोरी झालीय आणि काय गेलंय तेच आठवत नाही. वाळल्या लेपाला भेगा नेहमी जाळीसारख्या पडतात, वाट फुटेल तिकडे. या ट्रेमध्ये त्या सगळ्या एका दिशेने गेल्या होत्या, भांग पाडून विंचरल्यासारख्या.

"हे असं का झालं, मला कळत नाहीये," ते म्हणाले आणि खाली बसले.

सवयीने मी पुढच्या पानाची वाट पाहिली. पान नव्हतंच.

"ट्रे धुतला होता ना?" रंगवाल्याने विचारलं. हा आमचे रंग कालवतो.

"ते म्हणजे काय तू आहेस, न धुवायला?" भिंगवाली म्हणाली. "ओला असताना कुणी हलवला का?"

"ढकलगाडीवरून आणला, तिचं एक चाक—" पूर्णविराम बोलू लागले.

"तुम्ही गप्प," बाई म्हणाल्या. "रीत म्हणजे रीत."

भिंगवाली उठून फळ्यापाशी गेली. "यांचं म्हणणं असं, की ओल्या लेपाला हलवलं तर ते हलणं त्याच्या लक्षात राहतं, आणि वाळताना तो त्याच रेघेत फुटतो."

"ते असं कुठे म्हणाले?" रंगवाला म्हणाला.

"मग मी म्हणते!"

झालं. दोघांची अशी जुंपली की चहाची वेळ टळली. शेवटी फळ्यावर दोन नावं लागली: भिंगवाली आणि रंगवाला.

"आणि तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"माझीच तर कल्पना आहे."

"होती," बाई हसून म्हणाल्या.

पूर्णविरामांनी खडू घेतला आणि दोघांच्या खाली, बारीक अक्षरात, तिसरं नाव लिहिलं. पेटी मिळाली. म्हणजे करारही वाढला.

सगळे भांडत भांडतच चहाच्या खोलीकडे गेले. पूर्णविरामांना कुणी हाक मारली नाही. दुष्टावा नव्हता, सवयच नव्हती कुणाला. माझा कप राहिला म्हणून मी परत आलो, तर ताईंचा फोन चालू होता.

"बोललास का?"

"बोललो. एक वाक्य."

"एकच? मग?"

"मग त्यांनी बोलूच दिलं नाही."

ताई इतक्या हसल्या की स्पीकर खरखरला. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "चला की सर. तिकडे तुमच्या कल्पनेची पार वाट लावतायत."

"लावू दे." त्यांनी एक हातमोजा काढला, पलीकडच्या आरडाओरड्याकडे कान दिला आणि हातमोजा परत चढवला. "तू हो पुढे."

मी दाराशी पोचलो तेव्हा ते ट्रेवर वाकले होते.

"दार लावू नकोस," ते मागे न बघता म्हणाले. "ऐकू येतंय."