मानेचा जोर

सूर्यकांत भाऊजींना शर्टाची कॉलर कधी नीट बसली नाही. दुबईत अल नहदाला आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो, त्यामुळे सकाळी देऱ्यातल्या ऑफिसला निघताना लिफ्टपाशी चाललेली त्यांची आणि टायची झटापट मला रोज दिसायची. माणूस पेशाने अकाउंटंट, पण पुण्यात ऐन उमेदीची वर्षं तालमीत घालवलेली. मान डोक्याइतकी रुंद. "वहिनी, ही कमावलेली मान आहे," ते ऐटीत म्हणायचे. "मग टायला कशाला जाच?" मी म्हणायची. साधना, त्यांची बायको, दारातून हसायची.

त्यांच्या वेदांगला नव्याण्णव साली आइस हॉकीचं वेड लागलं. मित्राच्या वाढदिवसाला दुबईतल्या बर्फाच्या रिंकवर गेला आणि तिथलाच झाला. बाहेर अंगाची लाही लाही होतेय आणि आत आम्ही बायका पुण्याहून आणलेले स्वेटर घालून कुडकुडत बसलोय! मला हा शुद्ध चक्रमपणा वाटायचा आणि तसं मी साधनाला तोंडावर सांगितलंही. पण तो पोरगा बर्फावर उतरला की बघत राहावं असा पळायचा. घरात कोपऱ्याकोपऱ्यावर ठेचकाळणारा वेदांग तो हाच का, असं वाटायचं.

पहिल्याच वर्षी त्याच्या टीममधला एक मुलगा कडेच्या फळीवर आदळला. डोक्याला हेल्मेट होतं, खरचटलंही नव्हतं, तरी तो उलट्या करायला लागला आणि आईला ओळखेना. चार दिवसांनी ठीक झाला, पण भाऊजींची झोप उडाली. त्यांनी डॉक्टर अजरांना गाठलं. या मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांचा रुहानही त्याच टीममध्ये खेळायचा.

"सूर्यकांतभाऊ, गोटा झालेला नारळ हलवून बघितलाय ना?" त्या म्हणाल्या. "करवंटीला काही होत नाही, आतलं खोबरं आपटतं. तसंच हे. हेल्मेट कवटी वाचवतं, आतला मेंदू हलायचा तो हलतोच."

"मग मान पक्की असली तर डोकं कमी हलेल?"

"कमी हलेल. व्यायाम जरूर द्या. पण अजिबात हलणार नाही, असं समजू नका."

यातलं पहिलं वाक्य भाऊजींनी ऐकलं. शेवटचं ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही, पण ते मनात मुरलं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून खेळाआधी रिंकच्या बाहेर, स्केट भाड्याने देतात त्या काउंटरशेजारी, त्यांची तालीम सुरू झाली. पोरं जोडीने उभी करायची. एकाने दुसऱ्याच्या कपाळाला टॉवेल लावून मागे ओढायचं, दुसऱ्याने मान हलू द्यायची नाही. मग दोन्ही बाजूंनी, मग मागून. एका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा. धक्का येताना दिसला की हनुवटी आत आणि खांदे घट्ट. कॅनडाचा कोच आधी गंमत बघत उभा राहायचा, नंतर स्वतःच पोरांना त्यांच्याकडे पाठवायला लागला. पोरं त्यांना 'नेक अंकल', म्हणजे मानवाले काका, म्हणायची. दोन वर्षांत टीममध्ये डोक्याच्या तक्रारी खरंच कमी झाल्या. भाऊजींचा चेहरा असा खुललेला मी आधी कधी पाहिला नव्हता. हिशोबाच्या कामात कोण कुणाची पाठ थोपटतो?

शेवटी एक परीक्षा असायची. पुण्यातल्या त्यांच्या वस्तादांची पद्धत. तालमीत कुणी जोरात आपटला की वस्ताद त्याच्या कपाळावर तळहात टेकवायचे आणि म्हणायचे, "ढकल." मान टिकली तर पुन्हा मातीत, नाही टिकली तर बाहेर. भाऊजी रोज संध्याकाळी घरीही वेदांगच्या कपाळावर हात ठेवायचे. "ढकल!" तो लालबुंद होईपर्यंत ढकलायचा आणि मग दोघंही हसत सुटायचे.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत अबू धाबीची टीम आली होती. मी साधनाशेजारी काचेमागे बसले होते. वेदांग आणि समोरचा एक दांडगा मुलगा एकमेकांवर आदळले, वेदांगचं डोकं फळीवर गेलं. उठला, पण जरा वेळाने. कोचने त्याला बाकावर बोलावलं आणि भाऊजींकडे बघितलं. भाऊजी पळत गेले. काचेतून मला एवढंच दिसलं की त्यांनी त्याच्या कपाळावर तळहात ठेवला आणि पोराने मान ताठ करून ढकललं.

तिथे काय बोलणं झालं ते भाऊजींनीच नंतर सांगितलं, आणि एकदा नाही, भेटेल त्याला सांगितलं.

"डोकं दुखतंय?"

"आय ॲम फाइन, बाबा. आर वी विनिंग?"

समोर बोर्डावर स्कोअरचे आकडे लखलखत होते. भाऊजींना वाटलं, पोराचं सगळं लक्ष जिंकण्यात आहे. ते हसले. "ही इज ओके, कोच. मान पक्की आहे." आणि वेदांगच्या पाठीवर थाप मारली, "यल्ला, जा."

त्यानंतर लागलं ते नावाला. नुसता खांद्याला खांदा घासला. वेदांग खाली बसला, आडवा झाला आणि उठलाच नाही.

पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला की मेंदू सुजतो, असं डॉक्टर अजरांनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये सांगितलं. सांगताना त्या स्वतःच रडत होत्या. पोरगा वाचला. उन्हाळ्यात घरी आला. उजवा पाय ओढत चालायचा, शब्द शोधत बोलायचा. जुनं बरंचसं आठवायचं, नवीन काही टिकायचं नाही. शाळा सुटली ती सुटलीच.

साधनाने नवऱ्याला एका शब्दाने बोल लावला नाही. मला विचाराल तर तिचं चुकलंच. ती कडाकडा भांडली असती तर त्यांना निदान रडता आलं असतं. पण ती ताट वाढायची, ते जेवायचे, आणि त्या घरात मला बसवायचं नाही.

वर्षभराने डॉक्टर अजरा आल्या तेव्हा मी तिथेच होते. "पोरं टॉवेल घेऊन आपापलं काहीतरी करताहेत. तुम्ही या," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडून आता नाही होणार."

"भाऊ, व्यायाम चुकला नव्हता. मान तपासून डोकं कळत नाही, एवढंच चुकलं."

"एवढंच?" भाऊजी म्हणाले.

पण ते रिंकवर गेले. आता टॉवेल तोच, व्यायाम तोच, फक्त शेवटची परीक्षा बंद. डोक्याला लागलं की तो मुलगा त्या दिवशी बाहेर आणि डॉक्टरांनी सोडल्याशिवाय आत नाही. फायनलला एका बापाने हुज्जत घातली, "अहो, तो ठीक आहे म्हणतोय ना!" तेव्हा हा मवाळ माणूस सगळ्या रिंकला ऐकू जाईल असा ओरडला, "माझाही म्हणाला होता! बस्स, खलास!" टीम हरली. तो मुलगा मात्र आजही हिंडतोय, फिरतोय.

वेदांगला त्या मॅचमधलं काही आठवत नाही. संध्याकाळचा खेळ तेवढा लक्षात राहिलाय. भाऊजी ऑफिसातून येऊन सोफ्यावर बसले की तो पाय ओढत येतो, त्यांच्या कपाळावर तळहात टेकवतो.

"पुश, बाबा."

पहिल्यांदा त्यांनी नुसती मान खाली घातली, तर तो घाबरून रडायला लागला. तेव्हापासून ते रोज ढकलतात. ती कमावलेली मान, पोराच्या हाताला लागेल एवढाच जोर लावून. वेदांग खूश होतो, त्यांच्या पाठीवर थाप मारतो.

"यू आर ओके, बाबा. यल्ला, गो."

आणि भाऊजी कुठेही जात नाहीत. त्याचा हात धरून तिथेच बसून राहतात.