मिशीवाला संतोष

सातपूरच्या कामगार वसाहतीत कुसाबाईला न घाबरणारा एकच प्राणी होता, तो म्हणजे तिच्या दारातला बोका. बाकी सगळे घाबरत. मेथीची जुडी ती अशी सोडवून बघायची, की भाजीवाल्याला आपलीच झडती चालल्यासारखं वाटे. दळण आलं की चिमूटभर पीठ बोटांत चोळायची आणि गिरणीवाल्याला निरोप धाडायची, ‘तुमच्या जात्याचा दगड गुळगुळीत झालाय, टाकी लावायची झालीय.’ आणि ती खरोखरच झालेली असायची. कंपन्यांतल्या बत्तीस पाळीवाल्यांना ती डबे पुरवायची. तिचा नवरा नाथा अंबडच्या एका कारखान्यात लेथवर होता. तिथे त्याचं काम तपासायला एक इन्स्पेक्टर होता आणि घरी ही दुसरी. “तिथला निदान रविवारी तरी सुट्टी घेतो,” असं नाथा म्हणायचा. अर्थात ती बाजाराला गेली असताना.

संतोष त्यांचा एकुलता एक. बारावीनंतर सैन्यभरतीला गेला आणि छाती दोन सेंटिमीटर कमी भरली म्हणून परत आला. कुसाबाईने दोन महिने खारीक-खोबऱ्याचे लाडू चारून ते दोन सेंटिमीटर भरून काढले. पुढच्या भरतीला पोरगं पास! ही गोष्ट ती गिऱ्हाइकांना डब्याबरोबर वाढायची. नव्याण्णव सालानंतर तिने ती पुन्हा कुणाला सांगितली नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात काश्मीरच्या डोंगरावरून, तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली. झाकणावर संतोषचं नाव आणि नंबर होता. बरोबर आलेल्या सुभेदाराने हात जोडून सांगितलं, पेटी उघडायची नाही. गिरणारे गावाच्या पलीकडे असलेल्या त्यांच्या मूळ गावात मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. घोषणा झाल्या, बंदुकीच्या फैरी झडल्या, नाथाने अग्नी दिला. कुसाबाईच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. लोक म्हणाले, धीराची बाई! वीरमाता!

धीर कसला डोंबलाचा? तिला मुळी पटलंच नव्हतं. रोज बत्तीस डबे भरणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: झाकणावर नाव एकाचं असतं आणि आत भाजी निघते दुसऱ्याची. तिच्यासारख्या चोख बाईच्या हातूनही महिन्या-दोन महिन्यांतून एकदा असं व्हायचंच. मग तिकडे तर बर्फ, गोळीबार, शेकडो पोरं आणि नुसती पळापळ. झाकण उघडल्याशिवाय डबा कुणाचा हे कळणार कसं? आणि झाकण तर उघडूच दिलं नव्हतं. म्हणजे संतोष कुठल्या तरी दवाखान्यात पडून असणार. बोलता येत नसेल, नाव सांगता येत नसेल. आज ना उद्या पत्र येईल. हा तर्क तिने नाथालाही सांगितला नाही. फक्त पोस्टमनला न चुकता चहा पाजू लागली.

संतोषला मरणोत्तर सेना पदक मिळालं. ते घ्यायला नाथा एकटाच गेला. कुसाबाईने डब्यांचं निमित्त काढलं. पण नाशकातले सत्कार चुकवता येईनात. शाळा झाल्या, मंडळं झाली, बँकांचे वर्धापनदिन झाले. प्रत्येक ठिकाणी सूत्रसंचालक घसा साफ करून संतोषच्या पराक्रमाचा कागद वाचायचा, समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या आणि कुसाबाई मांडीवर नारळ घेऊन, कुणा दुसरीच्याच पोराची गोष्ट ऐकावी तशी बसायची. ज्या कुणाचं पोर असेल त्या माउलीचं कसं होत असेल, असं मनात येऊन तिला वाईटही वाटायचं.

दोन वर्षांनी गावाने पुतळ्याचं काढलं. सरपंच मल्हारी आप्पा पुतळा समितीचे अध्यक्ष. मंत्र्यांची तारीख त्यांनी आधी घेतली आणि कारागीर मग शोधला. हा कारागीर म्हणजे पंचवटीतला हिरामण. त्याचा एक नियम होता: शाडूचा चेहरा घरच्या माणसाने पास केल्याशिवाय तो साचा काढत नसे. कारण पूर्वी एका पुढाऱ्याच्या पुतळ्यावरचा पडदा बाजूला झाला, आणि पहिल्या रांगेतली त्याची बायको मोठ्यांदा म्हणाली होती, “अगबाई, हे तर आमचे भाऊजी!”

तर चेहरा पास करायला आप्पा, नाथा आणि कुसाबाई हिरामणच्या शेडमध्ये गेले. हिरामणने ओलं गोणपाट काढलं. कुसाबाईने चेहरा मेथीची जुडी बघावी तसा चारी बाजूंनी बघितला. खोल डोळे, बसलेले गाल, भरघोस मिशी.

“हा आमचा नाय,” ती म्हणाली.

“वहिनी, फोटोवरनं केलाय,” आप्पा म्हणाले. “पलटणीनं पाठवलेला फोटो हाय. वर जायच्या आधीचा.”

“मग पलटणीला दुसऱ्याचाच गावला. दिवाळीत आला तवा गुळगुळीत होता माझा संतोष.”

“अहो, मिशी काय, उगवती! आन् बिनमिशीचा शिपाई चौकात उभा केला तर लोक त्याला कंडक्टर समजून तिकीट मागतील.”

आप्पा स्वतःच हसले. कुसाबाईच्या चेहऱ्यावर मात्र दोन वर्षांत दिसली नव्हती अशी तकाकी आली होती. तिने नाथाचा दंड धरला.

“बघा, मी म्हनत नव्हते? फोटो चुकतो, तर पेटी नाय चुकायची? आपला हाय कुठंतरी. तुम्ही पत्र लिवा त्यांना.”

ती असं कधीच म्हणाली नव्हती. नाथाला आत्ता कळलं, आपली बायको दोन वर्षं कशावर जगत होती ते.

हिरामण बिचारा गिऱ्हाइकाचं समाधान करायला बसलेला माणूस. त्याला वाटलं, तक्रार मिशीची आहे. “मावशी, एवढंच ना? थांबा,” असं म्हणून त्याने कोरणी उचलली आणि दोन फटक्यांत मिशी खरवडून काढली. ओला अंगठा ओठावरून फिरवला. “उंचावर माणूस वाळतो. गालही जरा भरतो,” म्हणत शाडूच्या दोन गोळ्या गालांवर लिंपल्या आणि बाजूला झाला.

समोर संतोष होता. वरचा ओठ डावीकडे किंचित उचललेला, खोटं बोलायच्या बेतात असला की उचलायचा तसा. हजारांत तिने तो ओठ ओळखला असता. तिने फळीवरचा फोटो घेतला आणि फोटोतल्या मिशीवर अंगठा धरला. अंगठ्याखालून तोच निघाला.

फोटो चुकला नव्हता, मग पेटीही चुकली नव्हती; फोटो हातात धरून ती तिथेच खाली बसली.

“आता झालं ना पास, वहिनी?” आप्पांनी विचारलं. “मंत्र्यांची तारीख...”

“आप्पा,” नाथा म्हणाला, “जरा बाहेर थांबता का?”

आप्पा गेले. हिरामण हात पुसत उभा राहिला. कुसाबाई फोटो फळीवर ठेवून उठली.

“मिशी लावा परत.”

“मावशी, आत्ता तर कुठं सारखा झालाय...”

“गेला तवा मिशी होती त्याला. तशीच लावा. गाल बी काढा.” आणि दारापाशी वळून म्हणाली, “पास हाय.”

परतीच्या रिक्षात दोघंच होते. अशोक स्तंभ मागे गेला तशी ती म्हणाली, “त्याला कुठं लागलं होतं?”

नाथाला सुभेदाराने सगळं सांगितलं होतं. “मांडीत गोळी. दुसरी पोटात.”

“लगेच गेला?”

दोन वर्षं नाथा सगळ्यांना ‘जागच्या जागी’ असं सांगत आला होता. “नाय,” तो म्हणाला. “दोन जखमी पोरांना ओढत मागं आणलं त्यानं. तिसऱ्याला आणाया गेला तवा लागलं. मग तीन तास पडून होता. वरून इतक्या गोळ्या चालल्या होत्या, का कुनाला पुढं जाता येईना.”

“शुद्धीत होता?”

“होता.”

“काय बोलला का?”

नाथाने रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघितलं. “शिव्या देत होता. जो त्याला आणाया पुढं सरकंल त्याला. येऊ नको म्हनून. लय घाण शिव्या, सुभेदार म्हनला. शेवटपर्यंत.”

कुसाबाईने हे ऐकून घेतलं. “माझ्यासमोर तर कधी दिली नाय त्यानं शिवी.”

“तुझ्यासमोर कोन देनार?”

तेव्हा तिला रडू फुटलं, भर रस्त्यात, मोठ्यांदा. त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यांनी वळून बघितलं. नाथाने तिला गप्प केलं नाही. सातपूर आलं तरी ती उतरेना, तेव्हा त्याने रिक्षावाल्याला सांगितलं, अजून एक चक्कर मार.