उधाणाच्या रविवारी

साठ सालाच्या आगेमागे आमच्या गावात सहा विलायती पाहुणे आले होते, आमचा उद्धार करायला. चार पुरुष, दोन बाया. सगळे विशी-बाविशीचे आणि सगळे कायम हसतमुख. पदरचं भाडं भरून, सात समुद्र ओलांडून, दोन महिने गरिबांसाठी श्रमदान करायला आले होते म्हणे. मी त्यांचा दुभाषी. मॅट्रिक होऊन घरी माश्या मारत बसलो होतो, इंग्रजी बऱ्यापैकी यायचं, म्हणून तालुक्याच्या साहेबाने मला त्यांच्या गळ्यात बांधलं.

गाव रेवसपासून कोसभर आत, खाडीला लागून. आमची भातशेती खाऱ्या पाण्यापेक्षा खालच्या पातळीवर. मध्ये मातीचा लांबलचक बांध, तो आहे म्हणून आम्ही आहोत. बांधाला कुठे खांड पडली की गावात हाक फिरते आणि घरटी एक माणूस घमेलं घेऊन धावतो. याला आम्ही जोळ म्हणतो. जोळीला मजुरी नाही, आभार नाहीत, भाषण तर नाहीच. ज्याच्या घरचा माणूस आला नाही त्याच्याशी पुढे चार महिने कोणी धड बोलत नाही, एवढंच. आणि अशा गावाला हे श्रमदान शिकवायला आले होते!

उन्हाळ्याची सुट्टी म्हणून शाळेच्या दोन खोल्या त्यांना दिल्या होत्या. सकाळी सातला उठायचं. मग उकळलेलं पाणी, अलिबागहून एसटीने मागवलेला पाव, अंडी. आमच्या सुक्या जवळ्याचा वास आला की नाकाला रुमाल. आठला कामावर. हातमोजे घालून चिखल उचलायचा! आमच्या बाया बांधावर बसून तोंडाला पदर लावून हसायच्या. दहाला चहा, बाराला काम बंद, कारण ऊन. खाडीकाठी माणूस ओहोटी बघून कामाला लागतो, हे घड्याळ बघून लागायचे. त्यामुळे कित्येकदा चार तास टाकलेली माती भरती येऊन घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संध्याकाळी त्याच मातीचे फोटो घरी पाठवायचे.

आणि शनिवार-रविवार सुट्टी. जग बुडालं तरी सुट्टी. एका शनिवारी लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून मुंबईत बर्फाचं सरबत पिऊन आले. पुढच्या शनिवारी मुरुडला, जंजिरा बघायला. तिथे एकीने कोळणीच्या टोपलीसोबत फोटो काढून घेतला, आणि कोळणीने पाठीमागून अशी काही शिवी घातली की ती भाषांतर करायची माझी छाती झाली नाही. बाई काय म्हणाली, असं विचारल्यावर मी सांगितलं, तुम्ही छान दिसता म्हणतेय. ती खूश झाली. माझं दुभाष्याचं काम हे असं चालायचं.

हसत होतो मी त्यांना, पण मनातल्या मनात. वर मात्र त्यांच्यातल्याच एकाने दिलेली जुनी पँट घालून, त्यांची पिशवी खांद्याला लावून मिरवत होतो. एसटीत कंडक्टर मला ‘बसा साहेब’ म्हणाला होता. त्यांचा म्होरक्या, तांबूस दाढीवाला, इंजिनियरीचं शिकत होता. तो दर दोन दिवसांनी म्हणायचा, तुला आमच्या देशात बोलावून घेऊ, पत्र लिहितो. त्या पत्रासाठी मी त्याचे बूटसुद्धा पुसले असते. खरं सांगायचं तर एकदा पुसलेही.

या म्होरक्याच्या डोक्यात आलं की आमची उघाडी जुनाट आहे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर सोडायचं आणि भरतीला बंद ठेवायचं. आमच्या आज्यांच्या वेळची, पण चालत होती. हा म्हणाला, दगड-सिमेंटची करू, शंभर वर्षं बघायला नको. तालुक्याच्या साहेबाला काय, गोऱ्या माणसाने सांगितलं म्हणजे ब्रह्मवाक्य. वैशाखातल्या अष्टमीच्या सुमारास यांनी ती उघाडी उपटून काढली. ते भांगाचे दिवस, भरती मवाळ. उघड्या भोकापुढे मातीच्या पोत्यांची रांग लावली तरी भागत होतं. पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं, तेव्हा पोती काय करणार?

त्या भोकासमोरचं पहिलं शेत आमच्या शेजारच्या काकीचं. काकी विधवा, साठीची, एकटी. लेक मुंबईत गिरणीत, परळला दहा बाय दहाच्या खोलीत बायको आणि चार पोरं. तो दरवर्षी म्हणायचा, आये, चल. काकी म्हणायची, माझी दोन खाचरं हायत तोवर मी कुनाच्या दारात पान वाढून घेनार न्हाय. सून तिला पाण्यात बघायची, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. भात पिकलं तर काकी आपल्या घरची मालकीण. नाही पिकलं तर परळच्या खोलीत मोरीजवळचा कोपरा.

शुक्रवारी दुपारी काकी बांधावर आली. पाहुणे सामानाची बांधाबांध करत होते, कारण शनिवारी हरिहरेश्वरला जायचं ठरलं होतं. मुद्दाम पौर्णिमा गाठून! समुद्रावरचं चांदणं बघायचं होतं ना त्यांना. काकी मला म्हणाली, "पोरा, रविवारी पुनव हाय. उधान येनार. त्यांना सांग, दोन दिस थांबा, भोक नीट बुजवा, मंग खुशाल जा."

मी म्होरक्याकडे वळलो. तो पट्टा आवळत होता. मी इंग्रजीत विचारलं, ही बाई विचारतेय, काम कधी पुरं होईल? तो म्हणाला, बुधवारी नक्की. मी काकीला सांगितलं, "साहेब म्हणतात, काळजी करू नको. त्यांनी सगळा हिशेब केलाय."

"मंग मी जोळ बोलवू का? रातीपर्यंत पेंढा-चिखल घालून बुजवू आमीच."

"नको गं काकी. त्यांच्या कामाला हात लावलेला चालत नाही त्यांना."

माझ्यावर विश्वास ठेवून ती घरी गेली. आमच्या गावात इंग्रजी येणारा मी एकटाच होतो.

का केलं मी असं? आता काय लपवायचं! जोळ बोलावली असती तर आमच्या घरचा माणूस म्हणून मलाच घमेलं घेऊन उतरावं लागलं असतं. हरिहरेश्वर बुडालं असतं. म्होरक्या चिडला असता, पत्र हातचं गेलं असतं. आणि मी मनाशी म्हटलं, पोती आहेत की. खाडीकाठी जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की उधाणाला पोती पुरत नाहीत.

शनिवारी आम्ही निघालो. मुरुडपर्यंत एसटी, आगरदांड्याहून होडीने दिघी, पुन्हा एसटी. वाटभर त्यांची गाणी चालली होती. एका भटजींच्या घरी उतरलो. केळीच्या पानावर जेवताना एकाने चमचा मागितला, भटजींनी पळी आणून दिली. मी जेवण बेतात ठेवलं, कारण त्यांच्यादेखत भाताचा ढीग उपसायला लाज वाटत होती. काय ती माझी ऐट!

रविवारी सकाळी उशिरा उठून, आरामात न्याहारी करून पाहुणे देवळामागच्या कड्यावर गेले. तिथे खडकांवरून देवाची प्रदक्षिणा घालतात, पण ओहोटीलाच. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजायला आले होते. पायऱ्यांच्या तोंडाशी एक म्हातारा गुरव बसला होता. तो म्हणाला, "आज कसली प्रदक्षिणा? आज पौर्णिमा. पाणी बघा जरा."

मी पाणी बघितलं. प्रदक्षिणेची वाट पार बुडाली होती. लाट खडकावर आपटून आमच्या डोक्याइतकी वर उडत होती. पाहुणे टाळ्या वाजवत होते, कॅमेरे काढत होते. म्होरक्याने मला खांद्याला धरून कड्याच्या टोकाशी उभं केलं, फोटोसाठी. हस, म्हणाला. मी हसलो. त्या वेळी आमच्या खाडीत पाणी कुठवर चढलं असेल हे मला बोटाने दाखवता आलं असतं.

सोमवारी तिसऱ्या प्रहरी परतलो. पोती कुठल्या कुठे गेली होती. भोकाच्या दोन्ही बाजूंचा बांध ढासळून बैलगाडी जाईल एवढी खांड पडली होती. काकीची दोन्ही खाचरं खाऱ्या पाण्याखाली. रोपांसाठी तिने भाजून ठेवलेल्या राबाची राख पाण्यावर तरंगत होती. जोळ रविवारीच धावली होती, पण चढत्या पाण्यात माती ठरेना. आमच्या घरचा माणूस म्हणून माझी आई उतरली होती. मी आलो तेव्हाही ती कमरेइतक्या चिखलात उभी होती. माझ्याकडे बघून तिने तोंड फिरवलं.

खांड बुजायला पुढे बारा दिवस लागले. तोवर रोज दोनदा पाणी येत-जात राहिलं. एकदा असं खारं पाणी मुरलं की तीन वर्षं भाताचं नाव घ्यायचं नाही. पाहुण्यांनी खूप हळहळ केली. एक तर हुंदके देऊन रडली. मग सिमेंटच्या अर्धवट उघाडीपुढे उभं राहून सगळ्यांनी शेवटचा फोटो काढला, कारण मुदत संपली होती. पत्राचं काय, ते विचारायची लाज मला तेव्हाही वाटली नाही, मी विचारलंच. म्होरक्या म्हणाला, नक्की लिहितो. आजतागायत आलेलं नाही.

त्यांना भाऊच्या धक्क्यापर्यंत पोचवायला मी रेवसहून लाँचमध्ये चढलो. फळीवर कडेला काकी बसली होती. मांडीवर बोचकं, पायाशी जातं. पावसाळ्यात लाँच बंद होते, त्याच्या आत तिला परळ गाठायचं होतं. त्या दिवशी रडलेल्या पाहुणीने तिला ओळखलं, आनंदाने तिच्याशेजारी जाऊन बसली आणि मला म्हणाली, विचार ना हिला, मुंबईला किती दिवसांसाठी चाललीय?

मी काकीला विचारलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं. ती चिडलेलीही नव्हती. म्हणाली, "मला कशाला इचारतोस पोरा? तू तुज्या मनाचंच सांगतोस. सांग काय ते."

मी पाहुणीला सांगितलं, लेकाकडे राहायला चाललीय, फार खूश आहे.

पाहुणीने तिचा हात हातात घेतला. काकीने तो घेऊ दिला.